सूत, ताण आणि डीएनए

लिंबायतमधलं आमचं घर, आणि अप्पांची सगळी नोकरी लूमच्या खात्यात. मी डबा घेऊन गेले की ते धाग्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "ताण ढिला व्हयना ते धागा गुतस, जास्त व्हयना ते तुटस." पुढे एमएस्सी करताना मी नेमकं काय शिकते, हे मात्र मला त्यांना कधी सांगता आलं नाही. मग एसएसबी हे प्रथिन अभ्यासाला आलं.

डीएनए म्हणजे पीळ घातलेले दोन धागे. त्याची नक्कल करताना पीळ उलगडून धागे सुटे करावे लागतात. सुटा धागा स्वतःतच गुंततो, शिवाय त्याला कापणारी विकरंही आसपास असतात. म्हणून तो सुटा होताच एसएसबी त्याच्यावर येऊन बसतं. ई. कोलाय या जिवाणूत चार सारखे भाग मिळून एक एसएसबी होतं. त्याच्याभोवती धागा बॉबिनसारखा गुंडाळला जातो: पूर्ण गुंडाळीत सुमारे ६५ अक्षरं, अर्धवट गुंडाळीत ३५. त्यामुळे लांब धागा आखडतो.

हे मोजतात लेसरच्या चिमट्याने. त्याबद्दल आर्थर अ‍ॅश्किन यांना २०१८ चं नोबेल मिळालं. धाग्याच्या टोकांना सूक्ष्म मणी चिकटवायचे, ते प्रकाशात धरायचे आणि हळूच ओढायचं. सफरचंद हातावर पेलायला साधारण एक न्यूटन बल लागतं. इथलं माप पिकोन्यूटन, म्हणजे त्याचा एक लाख कोटीवा भाग! अशा काही पिकोन्यूटन ताणाने गुंडाळी टप्प्याटप्प्याने उलगडते आणि ताण सैल केला की पुन्हा बसते.

गंमत पुढेच आहे. प्रथिनं जास्त तर धागा जास्त आखडेल, असं आपल्याला वाटतं. पण गर्दी झाली की प्रत्येकाच्या वाट्याला थोडाच धागा येतो आणि तो कमी आखडतो. जास्तीची प्रथिनं काढली की बसलेल्यांतलीही काही सुटतात आणि उरलेली पूर्ण गुंडाळून घेतात. नक्कल करणारं यंत्र सेकंदाला हजारेक अक्षरं उरकत येतं, त्याला वाट द्यायची तर असं धरणं आणि सोडणं दोन्ही जमायला हवं.

क्षयरोगाच्या जिवाणूलाही एसएसबी लागतंच. त्याची रचना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या गटाने २००३ मध्ये प्रसिद्ध केली. त्यातले के. साईकृष्णन पुढे पुण्याच्या आयसरमध्ये प्राध्यापक झाले.

हे सगळं अप्पांना चहा पिताना सांगितलं. ते हसले. "म्हंजे तठे बी बॉबिन लागसच!" माझा अभ्यास त्यांना पहिल्यांदाच आपला वाटला.