तण आणि ताण, दोन्ही कमी करणारं सालीचं पांघरूण

मानेसरमध्ये जुलैची पहिली जोरदार सर पडली की आठवडाभरात बाग ओळखू येत नाही. मे महिन्यात करपलेली माती अचानक हिरवी होते, पण त्या हिरवाईत तुमच्या मोगऱ्यापेक्षा घोळ, तांदुळजा, हरळी आणि गाजरगवतच जास्त दिसतं. नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून इथे आलेल्या आणि घरापुढे मातीचा छोटासा तुकडा मिळालेल्या कुटुंबांचा रविवार मग खुरपं चालवण्यातच जातो. तुमचंही असंच होत असेल तर या वर्षी पावसाआधी वाफ्यांवर झाडाच्या सालीच्या तुकड्यांचं आच्छादन घालून बघा.

खुरपलं तरी तण परत का येतं?

मातीत तणाच्या असंख्य बिया झोपलेल्या असतात. यातल्या बऱ्याच बारीक बियांना उगवण्यासाठी उजेड लागतो. तुम्ही माती खणता तेव्हा वरचं तण निघतं, पण खालच्या बिया वर येतात आणि त्यांना हवा तो उजेड मिळतो. म्हणजे एक पीक काढताना आपणच दुसरं पेरत असतो. सालीचा जाड थर हा उजेड अडवतो. चुकून एखादी बी उगवलीच, तर कोवळा कोंब थर फोडून वर येईपर्यंत दमतो.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. ऊस उत्पादक शेतकरी सरीत पाचट पसरतात, ते ओल टिकवायला आणि तण दाबायलाच. कोकणात भाताचं रोप टाकण्याआधी राब भाजतात, त्यामागेही तणाचं बी मारणं हा एक हेतू असतो. पण दिल्लीच्या परिसरात जाळण्याचा मार्ग बंद आहे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली आणि साध्या प्रकरणात ५ हजार रुपये दंड ठरवला. तणनाशकाचं म्हणाल, तर ग्लायफोसेट फक्त अधिकृत कीडनियंत्रण चालकांमार्फत वापरण्याचं बंधन केंद्र सरकारने २०२२ मध्ये घातलं. मुलं जिथे मातीत खेळतात तिथे ते न वापरलेलंच बरं.

साल मिळवायची कुठून?

रोपवाटिकेत ऑर्किडसाठी पाइनच्या सालीचे तुकडे मिळतात, पण मोठ्या वाफ्यासाठी ते महाग पडतात. हरियाणातलं यमुनानगर प्लायवूडसाठी प्रसिद्ध आहे. तिथे निलगिरी आणि पॉप्लरची लाकडं सोलली जातात. जवळच्या लाकडाच्या वखारीत, म्हणजे इथल्या भाषेत ‘आरा मशीन’वर, ‘छाल’ मागून बघा. निलगिरीची ताजी साल लगेच वापरू नका. तिच्यातला अर्क कोवळ्या रोपांना मानवत नाही, म्हणून दोन-तीन महिने ढीग करून, अधूनमधून पाणी मारून ती मुरू द्या. सालच मिळाली नाही, तर नारळाच्या सोडणाचे तुकडे वापरा. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये सोसायटीत पडणारा कडुनिंब आणि पिंपळाचा पाला पोत्यांत भरून ठेवलात, तर तोही फुकटात कामी येतो.

असं घाला आच्छादन

जूनचा तिसरा आठवडा योग्य, कारण पाऊस इथे साधारण महिनाअखेरीस येतो. आधी आहे ते तण काढा. वाफ्याला भरपूर पाणी द्या आणि बोटभर जाडीचं शेणखत किंवा कंपोस्ट पसरा. त्यावर खोक्याचा साधा पुठ्ठा, चिकटपट्टी काढून, ओला करून अंथरा. वर सालीचा ७ ते ८ सेंटिमीटर थर द्या. २ मीटर लांब आणि १ मीटर रुंद वाफ्याला सुमारे १५० लिटर, म्हणजे ५० लिटरच्या तीन पिशव्या लागतील. कुंडीत २ ते ३ सेंटिमीटर पुरे.

झाडाच्या खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर ओलाव्याने बुंधा कुजतो. साल मातीत मिसळू नका. मिसळली तर ती कुजताना मातीतलं नत्र वापरलं जातं आणि पानं पिवळी पडतात. वर ठेवली की हा त्रास जवळपास होत नाही. मे-जूनची आंधी हलके तुकडे उडवते, म्हणून ३ ते ५ सेंटिमीटरचे जाड तुकडे निवडा आणि घातल्यावर पाणी मारा.

सालीला न जुमानणारी दोन तणं

लव्हाळा, म्हणजे इथला ‘मोथा’, जमिनीखालच्या गाठींतून वाढतो आणि त्याचं टोकदार पातं आच्छादन भेदून वर येतं. माती ओली असताना गाठींसकट खणून काढल्याशिवाय त्यावर साल घालू नका. हरळी कडेने आत सरकते. वाफ्याला विटांची आडवी कड करा आणि आत आलेले धावरे दिसतील तसे उपटा.

गाजरगवत मात्र थराखाली चांगलं दबतं. भारतात त्याची नोंद १९५५ मध्ये पुण्यात झाली आणि आज ते देशभर पसरलं आहे. एकेक झाड हजारो बिया टाकतं, शिवाय त्वचेला खाज आणि दम्याचा त्रास होऊ शकतो. कडेला उगवलेलं गाजरगवत फुलण्याआधी, हातमोजे घालूनच उपटा.

वाळवी आणि विंचवाची काळजी

कोरड्या हवेच्या या भागात वाळवी लाकडाच्या मागावरच असते. म्हणून घराची भिंत, लाकडी चौकट आणि सालीचा थर यांत किमान एक फूट अंतर ठेवा. महिन्यातून एकदा थर हलवून खाली मातीच्या नळ्या दिसतात का ते पाहा आणि निंबोळी पेंड टाका. अरवलीच्या पायथ्याशी साप-विंचूही निघतात, त्यामुळे थरात उघडा हात घालू नका. मुलांना लहान दाताळं द्या.

पाण्याचीही बचत

आच्छादनाखालची माती गार राहते आणि ओल लवकर उडत नाही. गुरुग्राम जिल्ह्यातल्या भूजलाचा उपसा पुनर्भरणापेक्षा जास्त होतो आहे, हे लक्षात घेतलं तर हा फायदा तण कमी होण्याइतकाच मोठा आहे. पाणी देण्याआधी साल बाजूला सारून बोट खुपसा. दोन इंचांवर ओल लागली तर त्या दिवशी पाईप बंदच ठेवा.

साल हळूहळू कुजून माती होते, म्हणून दरवर्षी जूनमध्ये वरून २ ते ३ सेंटिमीटर नवा थर द्या. आणि हिवाळ्यासाठी एक कोपरा मोकळा सोडा. गव्हाच्या शेतात तण म्हणून उगवणारा इथला ‘बथुआ’ म्हणजे आपला चाकवत. तो आपोआप उगवला, तर उपटून फेकू नका. ताक आणि डाळ-दाणे घालून त्याची पातळ भाजी करा.