वाऱ्यावर तापणारे पाणी

मिक्सरमध्ये चटणी जरा जास्त वेळ फिरवली की ती कोमट लागते. पात्यांनी केलेल्या कामाची घर्षणामुळे उष्णता होते. जेम्स जूल यांनी १८४०च्या दशकात हेच काटेकोरपणे मोजले. खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यातले वल्हे फिरवायचे आणि पाणी किती तापते ते पाहायचे. तापमानातली वाढ अगदी अल्प असे, त्यामुळे अतिशय संवेदनशील तापमापक लागले. त्याचे कारण सोपे आहे: एक किलो पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्यात तेच पाणी सुमारे ४२७ मीटर उंच उचलता येते!

आता वजनांच्या जागी पवनचक्की जोडू या. १९७३च्या तेलसंकटानंतर डेन्मार्कमध्ये काही हौशी कारागिरांनी आणि अभियंत्यांनी हे करून पाहिले. तिथे हिवाळ्यात घर उबदार ठेवण्यासाठी तेल जाळले जाई. चक्कीचा उभा दांडा खाली पाण्याच्या बंद टाकीत आणायचा आणि त्याला पाती लावायची. टाकीच्या भिंतीला स्थिर पट्ट्या बसवायच्या. या पट्ट्या नसतील तर पाणी पात्यांबरोबर नुसते गरगर फिरेल, घुसळले जाणार नाही. तापलेले पाणी नळ्यांमधून घरात खेळवायचे. ना जनित्र, ना बॅटरी.

यातली खरी गंमत गणितात आहे. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट. पाणी घुसळायला लागणारी शक्तीही फिरण्याच्या वेगाच्या घनानेच वाढते. त्यामुळे पात्यांचा आकार एकदा नीट ठरवला की मंद वाऱ्यात आणि जोराच्या वाऱ्यात चक्कीवरचा भार आपोआप जुळत राहतो. मात्र टाकीतले पाणी गळून गेले तर भारच उरत नाही आणि चक्की बेफाम सुटते. म्हणून स्वतंत्र ब्रेक हवाच.

पुढे डेन्मार्कमध्ये ५ मीटर व्यासाची अशी चक्की बाजारातही आली. सेकंदाला ११ मीटर वेगाच्या वाऱ्यात ती सुमारे ३.५ किलोवॅट उष्णता देई. विद्यार्थ्यांना हिशेब करायला सांगा: २०० लिटर पाणी १५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला किती वेळ लागेल? पाण्याला एका अंशासाठी ८३७ किलोजूल लागतात, म्हणजे जवळजवळ चार मिनिटे. एकूण तीन तास. (टाकीतून निसटणारी उष्णता येथे धरलेली नाही.) वाऱ्याचा वेग निम्मा झाला तर? तीनाचे सहा तास नव्हेत, चोवीस!

थंड देशात ही कल्पना शोभते, कारण वारा सुटला की घरेही लवकर गार होतात. गरम पाण्याची मोठी टाकी हा साठाही स्वस्त. तरीही ती फारशी पसरली नाही, याचे मला आश्चर्य वाटत नाही. घुसळण्याने एक एकक कामाची फार तर एक एकक उष्णता मिळते. त्याच कामापासून वीज करून उष्णता पंप चालवला, तर पंप बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता उपसून आत आणतो आणि रूपांतरातली तूट धरूनही दुपटीहून अधिक उष्णता देऊ शकतो. शिवाय उरलेली वीज दिव्यालाही चालते. कोमट पाण्यापासून मागे फिरून वीज मिळवायची म्हटले, तर हाती फारच थोडे लागते.