मुखपृष्ठचित्र : संहितेचे पहिले वाचन

मराठीत मुखपृष्ठाचा विचार बहुधा सजावटीच्या अंगाने होतो. साहित्यकृतीच्या समीक्षेत त्याला क्वचितच स्थान मिळते. वस्तुतः वाचक संहितेपर्यंत पोहोचतो तो मुखपृष्ठ ओलांडूनच. त्या अर्थाने मुखपृष्ठचित्र हे चित्रकाराने केलेले संहितेचे पहिले जाहीर वाचन होय.

या वाचनाला छपाईच्या मर्यादा असतात. खिळेछपाईच्या काळात प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र ब्लॉक करावा लागे आणि एकेका रंगासाठी तोच कागद पुन्हा छापावा लागे. रंग वाढला की खर्च वाढे. लाइन ब्लॉकमध्ये करड्या छटा उमटत नसत. त्यांसाठी बारीक ठिपक्यांचा हाफटोन ब्लॉक लागे. म्हणून कागदाचा पांढरेपणा हाच एक रंग मानणे किंवा एका रंगावर दुसरा चढवून तिसरी छटा मिळविणे, असे उपाय योजले जात. काटकसरीतूनच शैली घडे.

अक्षरांकनाचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. देवनागरीची शिरोरेषा शीर्षकाला आडवी ओढ देते. वेलांट्या, मात्रा आणि उकार वर-खाली जागा मागतात. अक्षरांचा विचार चित्र पूर्ण झाल्यावर केला, तर शीर्षक चित्रावर चिकटविल्यासारखे दिसते.

संहितेतून काय निवडावे, याची उत्तरे मात्र भिन्न आहेत. दीनानाथ दलाल (१९१६-१९७१) यांनी देखण्या मानवाकृती व प्रसन्न रंगसंगती यांच्या बळावर वाचकाला आकृष्ट केले. परंतु नायिकेचा चेहरा मुखपृष्ठावरच निश्चित झाला, की वाचकाच्या कल्पनेला तेवढा वाव उरत नाही. पु. ल. देशपांडे यांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढणारे वसंत सरवटे (१९२७-२०१६) यांची रेषा सौंदर्यापेक्षा स्वभावाची लकब पकडते; विनोदी लेखनाचा सूर ती आधीच लावून देते. अरुण कोलटकर हे कवी व्यवसायाने जाहिरातक्षेत्रातील चित्रकार होते. त्यांचा 'जेजुरी' हा इंग्रजी संग्रह १९७६ साली 'क्लिअरिंग हाऊस' या कवींच्या सहकारी प्रकाशनातर्फे निघाला आणि त्या प्रकाशनाच्या पुस्तकांची मुखपृष्ठे कोलटकरांनीच केली. येथे लिहिणारा आणि पहिले चित्ररूप वाचन करणारा एकच आहे.

हा पुरावा टिकणे मात्र कठीण असते. ग्रंथालयात पुस्तकाची पुनर्बांधणी होताना मूळ मुखपृष्ठ अनेकदा काढून टाकले जाते; नव्या आवृत्तीला नवे चित्र मिळते; तालिकेत चित्रकाराचे नाव सहसा नसते. एखादी कादंबरी प्रथम प्रकाशित झाली तेव्हा ती वाचकापुढे कोणत्या रूपात ठेवली गेली, हे मग संहितेवरून कळत नाही. अभिरुचीच्या इतिहासाचे एक साधन अशा रीतीने निकामी होते. मूळ मुखपृष्ठ बांधणीच्या आत जपणे आणि नोंदीत चित्रकाराचे नाव लिहिणे, एवढे केले तरी पुढील अभ्यासकाची वाट मोकळी राहील.