सगळ्या शहराचं एकच गाणं

न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएबीसी रेडिओ केंद्राने ७ डिसेंबर १९६० रोजी लोकप्रिय गाण्यांची वाट धरली, तेव्हा डब्ल्यूएमसीए आणि डब्ल्यूआयएनएस ही केंद्रं त्या वाटेवर आधीपासून होती. पण डब्ल्यूएबीसीची ताकद मोठी होती. न्यू जर्सीतल्या लोडी गावातून ५०,००० वॅटचं प्रक्षेपण व्हायचं. रात्री मध्यमलहरी वातावरणाच्या वरच्या थरांवरून परतून दूर पोचतात. त्यामुळे अंधार पडला की पूर्व अमेरिकेतल्या कितीतरी राज्यांत हे केंद्र लागायचं.

या ताकदीला शिस्त लावली रिक स्क्लार यांनी. १९६३ मध्ये त्यांच्याकडे कार्यक्रमांची सूत्रं आली. शहरातल्या तबकड्यांच्या दुकानांतून दर आठवड्याला खपाचे आकडे मागवायचे आणि त्यावरून मोजक्या गाण्यांची यादी ठरवायची, ही त्यांची पद्धत. पहिल्या क्रमांकाचं गाणं साधारण तासाभराने पुन्हा लागे. ‘तेच तेच वाजवतात’ ही टीका होणारच होती. पण रेडिओ कोणी सलग ऐकत नाही, कामाच्या अध्येमध्ये ऐकतो, हे स्क्लार यांनी ओळखलं होतं. कुणी कधीही रेडिओ लावला, तरी आवडतं गाणं त्याच्या वाट्याला यावं, हा त्या पुनरावृत्तीमागचा विचार होता.

यादी आखीव असली तरी निवेदक मोकळे होते. ‘कझिन ब्रूसी’ म्हणजेच ब्रूस मॉरो संध्याकाळी तरुण पोरांशी घरच्यासारखं बोलत. १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेत आले, तेव्हा केंद्राने स्वतःच्या नावातच ‘बीटल’ घुसवून घेतलं. दुपारी डॅन इनग्रॅम गाण्याच्या सुरुवातीच्या संगीतावर बोलत आणि गायकाचा आवाज येण्याच्या नेमक्या क्षणी थांबत. ९ नोव्हेंबर १९६५ च्या संध्याकाळी गायक जोनाथन किंगचं गाणं चालू असताना त्यांना चाल मंदावल्यासारखी वाटली. वीजपुरवठा ढासळत होता, त्यामुळे गाणी वाजवणारी यंत्रं हळू फिरू लागली होती. इनग्रॅम यांनी ते लगेच श्रोत्यांना बोलून दाखवलं. थोड्याच वेळात न्यूयॉर्क अंधारात बुडालं. ईशान्य अमेरिकेतल्या त्या प्रचंड वीजसंकटाची चाहूल श्रोत्यांना अशी गाण्यातून लागली.

सत्तरच्या दशकात स्वच्छ, स्टिरिओ आवाजाच्या एफएमकडे श्रोते वळू लागले. १९७८ मध्ये डब्ल्यूकेटीयू या एफएम केंद्राने डिस्को सुरू केलं आणि डब्ल्यूएबीसीचं श्रोतेसंख्येतलं पहिलं स्थान गेलं. पुढे केंद्राच्या संगीतातला जीवच निघत गेला. १० मे १९८२ रोजी इनग्रॅम आणि निवेदक रॉन लंडी यांनी गाण्यांचा शेवटचा कार्यक्रम केला आणि दुपारी बारा वाजता केंद्र चर्चेच्या कार्यक्रमांकडे वळलं.

स्क्लार यांची छोटी यादी अनेक चांगल्या गाण्यांवर अन्याय करणारी होती, हे मान्यच करायला हवं. पण त्याच यादीमुळे टॅक्सीवाला, शाळकरी मुलगी आणि दुकानदार एकाच दिवशी एकच गाणं गुणगुणत. आज प्रत्येकाच्या फोनमध्ये आपापली यादी आहे. निवड अफाट वाढली, ती हवीच होती. पण लाखो अनोळखी माणसांना एका वेळी एकच गाणं ऐकवण्याचं काम आता कोणाकडेच उरलेलं नाही. डब्ल्यूएबीसीचं मोठेपण त्या कामात होतं.