माशी पोटात गेली तर?

पावसाळ्याच्या तोंडावर दुचाकीवरून जाताना चिलट थेट घशात जातं, ठसका लागतो आणि दिवसभर पोटात कसंसंच होत राहतं. ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. जठरातलं आम्ल त्या चिलटाचा समाचार घेतं. कीटकांच्या कवचातलं कायटिन काही अंशी फोडणारं विकरही माणसाच्या जठरात असतं; उरलेलं शौचावाटे निघून जातं. भातात शिजलेला सोंडाही असाच पचतो.

मधमाशी किंवा गांधीलमाशीचं मात्र वेगळं. सरबताच्या पेल्यातून ती तोंडात गेली आणि घशात डसली, तर आतली सूज काही मिनिटांत श्वासाची वाट अडवू शकते. आवाज घोगरा झाला, श्वास लागला, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. तडक रुग्णालय गाठावं. कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांना पोटात गेलेल्या कीटकांचीही होऊ शकते, कारण दोन्हींतलं एक प्रथिन सारखं असतं.

पाण्यावाटे पोटात जाणाऱ्यांत खरा छळ केला तो नारू या कृमीने. पाण्यातला सायक्लॉप्स हा कीटक नव्हे, कोळंबीच्याच कुळातला डोळ्यांना जेमतेम दिसणारा जीव. पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी प्यायलं, की त्याच्यासोबत नारूच्या अळ्या पोटात जात. साधारण वर्षभराने पायावर फोड येई, त्यातून हातभर लांब कृमी डोकावे आणि तो काडीला गुंडाळत दिवसेंदिवस हळूहळू ओढावा लागे. महाराष्ट्रातल्या गावांनीही हे सोसलं. फडक्यातून गाळलेलं पाणी आणि हातपंप यांनी तो हटवला. देशातला शेवटचा रुग्ण 1996 साली राजस्थानात आढळला. 2000 मध्ये भारत नारूमुक्त ठरला.