दुय्यम लीगमधील आइस हॉकीपटूची कारकीर्द : विली ओ’री यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

व्यावसायिक क्रीडाक्षेत्राची चर्चा बहुधा सर्वोच्च स्तरावरील मोजक्या खेळाडूंभोवतीच फिरत राहते. वस्तुतः खेळावर उपजीविका करणारे बहुसंख्य खेळाडू त्या स्तराच्या खालीच आपले खेळजीवन व्यतीत करतात. उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीच्या बाबतीत ही गोष्ट विशेषत्वाने जाणवते. भारतात परिचित असलेल्या मैदानी हॉकीहून हा खेळ वेगळा आहे. तो बर्फाच्या रिंकवर, पायांत स्केट्स घालून आणि चेंडूऐवजी रबराची चपटी चकती म्हणजे ‘पक’ वापरून खेळला जातो. १९१७ साली स्थापन झालेली नॅशनल हॉकी लीग (एनएचएल) ही त्यातील सर्वोच्च स्पर्धा होय. तिच्या खालील दुय्यम लीगमधील खेळाडूही करार करून, वेतन घेऊन खेळणारा व्यावसायिकच असतो. तो हौशी नसतो आणि अपयशी तर नसतोच, हे प्रथम लक्षात घेणे आवश्यक आहे.

कॅनडाचे विली ओ’री यांचे नाव १८ जानेवारी १९५८ या तारखेशी कायमचे जोडले गेले आहे. त्या दिवशी मॉन्ट्रियल येथे बोस्टन ब्रुइन्स संघाकडून खेळताना ते एनएचएलमधील पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. एनएचएलमध्ये त्यांनी एकूण ४५ सामने खेळले, ४ गोल केले व १० गोलांना साहाय्य केले. क्रीडा-इतिहासातील त्यांची नोंद बहुधा येथेच संपते. प्रत्यक्षात त्यांची कारकीर्द १९५६ पासून १९७९ पर्यंत चालली आणि त्यांत एनएचएलचा वाटा जेमतेम दोन हंगामांचा होता. प्रस्तुत लेखात उरलेल्या वर्षांचा विचार केला आहे.

सहा संघांची लीग आणि तिच्या खालची उतरंड

१९४२ ते १९६७ या काळात एनएचएलमध्ये केवळ सहा संघ होते. प्रत्येक संघात सुमारे वीस खेळाडू धरले, तर संपूर्ण उत्तर अमेरिकेत सर्वोच्च स्तरावरील जागा साधारणतः १२० भरत. त्यामुळे अमेरिकन हॉकी लीग, वेस्टर्न हॉकी लीग, क्विबेक हॉकी लीग यांसारख्या दुय्यम लीगमध्ये अत्यंत कसलेले खेळाडू वर्षानुवर्षे खेळत राहिले. करार संपल्यानंतरही खेळाडूवरील हक्क क्लबकडेच राहत असल्याने स्वतःच्या मर्जीने दुसरीकडे जाण्याची मुभा त्यांना नव्हती. वरून बोलावणे येई ते बहुधा कोणी जखमी झाल्यावर. ते येताच सामान बांधून निघायचे आणि गरज सरताच परतायचे, असा हा व्यवहार होता. ओ’री यांचे १९५८ मधील एनएचएल-पदार्पण असेच झाले. दोन सामने खेळून ते क्विबेक एसेस संघाकडे परतले. पुढचे बोलावणे १९६०-६१ च्या हंगामात आले व ते ४३ सामने टिकले. प्रतिस्पर्धी खेळाडूंचे आघात आणि प्रेक्षकांची वर्णद्वेषी शेरेबाजी यांना त्यांना तोंड द्यावे लागले. हंगामानंतर बोस्टनने त्यांचे हक्क मॉन्ट्रियल क्लबला दिले. त्या काळी मॉन्ट्रियलचा संघ सर्वांत बलाढ्य होता. साहजिकच तेथे नव्याने शिरकाव होणे कठीण होते. काही महिन्यांतच त्यांची रवानगी लॉस एंजेलिस ब्लेड्स या वेस्टर्न हॉकी लीगमधील संघाकडे झाली.

उजव्या डोळ्याचे गुपित

ओ’री यांच्या कारकिर्दीतील एक गोष्ट त्या काळात फारच थोड्यांना ठाऊक होती. १९५५-५६ च्या हंगामात कनिष्ठ स्तरावर खेळताना पक लागून त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ संपूर्ण गेली होती. यापुढे हॉकी खेळता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. एनएचएलच्या नियमांनुसारही एका डोळ्याने अंध असलेल्या खेळाडूस मनाई होती. त्यांनी ही बाब क्लबपासून लपवून ठेवली. शिरस्त्राणाविना खेळण्याचा तो काळ होता, हे ध्यानात घेता उरलेल्या एका डोळ्याच्या बळावर त्यांनी केवढा धोका पत्करला याची कल्पना येते.

या अंधत्वाचा खेळावर नेमका कोणता परिणाम होत होता, हे समजून घेण्याजोगे आहे. ओ’री डाव्या बाजूचे आघाडीपटू होते. प्रतिस्पर्ध्याच्या गोलाकडे धावताना या खेळाडूच्या डाव्या हाताला रिंकच्या कडेच्या फळ्या असतात आणि सारा खेळ उजव्या हाताला चालतो. सहकाऱ्याकडून येणारा पक, मध्यभागातून अंगावर येणारा प्रतिस्पर्धी, हे सारे उजवीकडे. आणि ओ’री यांना उजवीकडचे दिसत नव्हते. प्रत्येक वेळी संपूर्ण मान वळवून पाहावे लागे. वेगवान खेळात त्या क्षणार्धाच्या विलंबाने किती संधी हुकल्या असतील, याची गणती नाही. एनएचएलमधील ४ गोल वाचताना ही पार्श्वभूमी विसरता कामा नये.

लॉस एंजेलिसमध्ये संघाची गरज म्हणून प्रशिक्षकाने त्यांना उजव्या बाजूला खेळवले. प्रशिक्षकाला डोळ्याविषयी काहीच माहीत नव्हते. पण या बदलाने सारा खेळ आता चांगल्या डोळ्यासमोर आला. १९६४-६५ च्या हंगामात ओ’री यांनी ३८ गोल केले. एनएचएलमध्ये न सुटलेला प्रश्न दुय्यम लीगमध्ये असा योगायोगाने सुटला. परंतु तोवर ते तिशीला पोहोचत होते.

पश्चिम किनाऱ्यावरील वर्षे

१९६७ मध्ये एनएचएलने संघांची संख्या सहावरून बारा केली. जागा दुप्पट झाल्या तरी बत्तिशीच्या ओ’री यांना बोलावणे आले नाही. उलट लॉस एंजेलिसला एनएचएलचा नवा संघ मिळाल्याने ब्लेड्स संघच बंद पडला. दुय्यम क्लबचे आयुष्य असे वरच्या लीगच्या निर्णयांवर टांगलेले असते. ओ’री सॅन डिएगो गल्स संघाकडे गेले आणि १९६८-६९ मध्ये पुन्हा ३८ गोल केले. १९७२-७३ मध्ये काही काळ ते अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील न्यू हेवन संघाकडून खेळले. १९७४ मध्ये वेस्टर्न हॉकी लीगच विसर्जित झाली. त्याच वर्षी माइक मार्सन यांच्या रूपाने एनएचएलमध्ये दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू आला. मधल्या काळात ओ’री यांच्यासारखे खेळाडू गोल करीत होते, पण ते वरच्या दाराबाहेर. १९७८-७९ च्या हंगामात सॅन डिएगो हॉक्सकडून खेळून वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी ते निवृत्त झाले.

आज एनएचएलमध्ये ३२ व अमेरिकन हॉकी लीगमध्येही ३२ संघ असून त्यांच्याखाली ईसीएचएल ही तिसरी पायरी आहे. दुहेरी करारान्वये एकाच खेळाडूला वर खेळल्यास एक व खाली खेळल्यास दुसरे, बरेच कमी वेतन मिळते. वर जाऊन परत येणे मात्र पूर्वीसारखेच चालू आहे.

निवृत्तीनंतर ओ’री यांनी इतर नोकऱ्यांबरोबर सॅन डिएगोजवळील कोरोनाडो येथील एका हॉटेलात सुरक्षा कर्मचारी म्हणूनही काम केले. १९९८ मध्ये एनएचएलने त्यांना वंचित मुलांना खेळाकडे आणण्याच्या कार्यक्रमाचे दूत नेमले आणि २०१८ मध्ये हॉकी हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. तो खेळाडूंच्या नव्हे, तर खेळाच्या उभारणीत योगदान देणाऱ्यांच्या वर्गात झाला, ही बाब बोलकी आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या गोलांना त्या दालनात फारसे मोल नव्हते. १८ जानेवारी २०२२ रोजी बोस्टन ब्रुइन्सने त्यांचा २२ हा क्रमांक निवृत्त केला. सॅन डिएगोमध्ये हे त्यापूर्वीच होऊन गेले होते.