मोटारीवरील ओरखडे आणि रंगीत पॉलिश

बुलढाणा जिल्ह्यांतील लोक आपल्या मुलखाचे दोन भाग मानतात : घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार हा उंच पठाराचा प्रदेश. घाटाखालीं मलकापूर, नांदुरा, खामगांव, शेगांव हें पूर्णेच्या खोऱ्यांतील काळ्या मातीचें मैदान. मोटारीच्या रंगाला मात्र दोन्हीकडे सुख नाहीं. शेतरस्त्यावर दोहों अंगांनीं बाभळीच्या फांद्या झुकलेल्या असतात आणि त्यांचे कांटे दारांवर लांबलचक रेघा ओढतात. उन्हाळ्यांत टपावर धुळीचा थर बसतो. ती धूळ कोरड्या फडक्यानें पुसली कीं उन्हांत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे चमकूं लागतात. धूळ हाताला मऊ लागते. परंतु ज्या काळ्या पाषाणाची ती झालेली असते, तो मोटारीवरील लेपापेक्षां कितीतरी कठीण असतो.

असा चरा दृष्टीस पडला कीं मालकाचें मन खट्टू होतें, आणि बाजारांत त्यावर एक तयार उपाय मांडलेला असतोच. लाल, निळें, काळें, करडें अशा रंगांत हें पॉलिश मिळतें. तें चोळावें, पुसावें, कीं ओरखडा दिसेनासा होतो. पण दिसेनासा होणें आणि नाहींसा होणें या दोहोंत अंतर आहे. तें समजण्यासाठीं मोटारीचा रंग म्हणजे काय, हें आधीं पाहिलें पाहिजे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं मोटारींना घोडागाडीचेंच तेली रोगण देत, आणि तें वाळण्यास आठवडेच्या आठवडे लागत. १९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेंत ‘ड्यूको’ हें लवकर वाळणारें सेल्युलोजचें रोगण निघालें, तेव्हां कोठें नानारंगी मोटारी विपुल होऊं लागल्या. त्या काळीं रंग हाच सर्वांत वरचा थर असे. पॉलिश करतांना फडक्याला मोटारीचाच रंग लागे. आजच्या मोटारीची घडण निराळी आहे. पत्र्यावर गंजरोधक लेप, त्यावर अस्तर, त्यावर रंग, आणि सर्वांच्या वर एक पारदर्शक लेप. हे चारी थर मिळून जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन भरते, म्हणजे एका मिलिमीटरचा जेमतेम सातवा ते दहावा हिस्सा. त्यांत पारदर्शक लेपाचा वांटा सुमारें ४० ते ५० मायक्रॉनांचा. माणसाचा केससुद्धां बहुधा याहून जाड असतो.

बहुतेक ओरखडे या सर्वांत वरच्या थरांतच अडकलेले असतात. खालचा रंग शाबूत असूनहि ते पांढरे कां दिसतात? गुळगुळीत पृष्ठावरून प्रकाश एका दिशेनें परततो. चऱ्याच्या खडबडीत कडांवर मात्र तो दाही दिशांना विखुरतो. खरवडलेली कांच पांढुरकी दिसते ती याच कारणानें. म्हणूनच काळ्या मोटारीवर चरा डोळ्यांत खुपतो आणि पांढरीवर लपून राहतो. आतां त्याच चऱ्यावर ओलें बोट फिरवून पाहावें. तो क्षणभर अदृश्य होतो. लेपाचा वक्रीभवनांक सुमारें १.५, हवेचा १ आणि पाण्याचा १.३३ असतो. भेगेंत हवा असते तोंवर प्रकाश फार विखुरतो, पाणी शिरलें कीं कमी विखुरतो. मेण तर या बाबतींत पाण्याहूनहि लेपाच्या अधिक जवळचें. पाणी वाळून जातें, मेण कांहीं दिवस टिकतें. पॉलिशच्या चमत्काराचें अर्धें रहस्य एवढेंच आहे.

उरलेलें अर्धें रंगाचें. चरा जरासा खोल असला, त्याच्या कडा भुरभुरलेल्या असल्या, तर निव्वळ मेणानें पांढरेपणा पुरता जात नाहीं. अशा ठिकाणीं मेणाबरोबर शिरलेला रंग तो झांकून टाकतो. शिसवी कपाटावरील ओरखडा मेणांत रंग कालवून बुजवणारा सुतार वेगळें काय करतो? पॉलिशमध्यें मेण व रंग यांखेरीज तेल, उडून जाणारा द्रव आणि पुष्कळदां अतिशय बारीक घासणारी पूडहि असते. ही पूड चऱ्याच्या धारदार कडा थोड्या बोथट करते; म्हणजे लेपाचा अल्पसा अंश खरोखरच खरवडून निघतो. खामगांवची चांदीची पेठ प्रसिद्ध आहे. तेथील भरीव ताट कितीहि वेळां उजळलें तरी खालून चांदीच वर येते. मोटारीच्या लेपाखालीं दुसरा लेप नाहीं, हें ध्यानांत ठेवून घासण्याचा हात आंखडता घ्यावा.

कोणत्या चऱ्यावर हा उपाय चालेल, याची परीक्षा घरच्या घरीं करतां येते. नख चऱ्यावरून आडवें हळूच फिरवावें. नख न अडतां सरकलें आणि पाण्यानें चरा लपला, तर रंगीत पॉलिश खुशाल वापरावें. नख अडलें आणि आंत अस्तराचा करडा रंग दिसला, तर पॉलिशनें फार तर त्याची तीव्रता कमी होईल; तेथें कंपनीच्या रंगाशीं जुळणारा रंग बारीक कुंचल्यानें भरणें बरें. आणि पत्राच उघडा पडला असेल, तर पॉलिशचें नांवहि काढूं नये. मेणाखालचा चरा दिसत नाहीं, म्हणून मालक निश्चिंत राहतो. पावसाळा लागला कीं मेण धुऊन जातें, ओल आंत जाते, आणि गंज कडेकडेनें रंगाखालीं पसरतो. दोन बोटांच्या जागेचें काम पुढें सबंध दार रंगविण्यावर जातें.

पॉलिश लावण्याआधीं मोटार भरपूर पाण्यानें धुऊन वाळवावी, नाहीं तर धुळीचे कणच त्याबरोबर चोळले जातात. काम सावलींत करावें. घाटाखालच्या एप्रिल-मेच्या उन्हांत पत्रा इतका तापतो कीं पॉलिश लावतां लावतांच सुकतें आणि त्याचे डाग निघतां निघत नाहींत. एका वेळीं हातभर जागा घ्यावी. रबरी पट्ट्या व रंग न दिलेलें प्लॅस्टिक कागदी पट्टीनें झांकावें. फडक्याला रंग लागला तर घाबरण्याचें कारण नाहीं. तो पॉलिशचा असतो, मोटारीचा नव्हे. चकाकणारी धातूची पूड मिसळलेल्या रंगाशीं हें पॉलिश हुबेहूब जुळत नाहीं, हेंहि जाणून असावें.

कांहीं धुलायांनंतर चरा पुनः डोकावूं लागतो, आणि घरच्या मोटारीपुरतें त्यांत कांहीं बिघडत नाहीं, पुनः लावावें. किरकोळ रेघांसाठीं कारखान्यांतला मूळ रंग खरवडून सबंध दार नव्यानें रंगविण्यापेक्षां हें शतपटीनें शहाणपणाचें. प्रश्न येतो तो मोटार हातबदल होते तेव्हां. विकणारा ती झळाळून उभी करतो, आणि घेणारा त्या झळाळीचे पैसे मोजतो. झळाळी आणणें हा कांहीं अपराध नव्हे, पण तिच्याखालीं गंजाची सुरुवात झांकली असेल तर ती सरळ फसवणूक होय. घेणाऱ्यानें मोटार धुतल्यावर, दिवसाच्या उजेडांत पाहावी. दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी आणि बॉनेटची पुढची धार येथें बोट फिरवावें, कारण भरधाव रस्त्यावरचे खडे प्रथम तेथेंच बसतात. शंका आली तर मालकाच्या संमतीनें, पाण्यानें निम्मा पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलांत फडकें बुडवून तेवढीच जागा हलक्या हातानें पुसावी. मेण व रंग उतरतात आणि चऱ्याचें खरें रूप पुढें येतें. जो मालक या पुसण्यास नकार देईल, त्याच्याशीं भाव ठरवण्यापूर्वीं मोटार एखाद्या जाणत्या रंगाऱ्यास दाखवावी.